नोंदवहीपासून संगणकापर्यंत : घरगुती हवामान केंद्राची वाटचाल

घरगुती हवामान केंद्र म्हणजे तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, वाऱ्याची दिशा व वेग आणि पाऊस मोजणाऱ्या लहान उपकरणांचा संच. त्याचे सेन्सर गच्चीवर, अंगणात किंवा शेताच्या बांधावर बसवलेले असतात. घरातल्या एका पेटीवर आकडे दिसतात आणि तेच आकडे तारेने किंवा बिनतारी मार्गाने संगणकात जाऊन साठतात. मापन फार जुने आहे. संगणकाची जोडणी गेल्या चारेक दशकांतली. या जोडणीमुळे मोजण्याजोगे नवे काही हाती आले नाही. पारा, पाणी आणि वारा पूर्वी जे सांगत होते तेच आजही सांगतात. जोडणीने दिले ते सातत्य. घरातली माणसे झोपलेली असोत वा परगावी गेलेली, नोंद चालूच राहते. त्यामुळे घरगुती हवामान केंद्राचा इतिहास हा मुख्यतः नोंद ठेवण्याच्या रीतींचा इतिहास ठरतो.

मापन आणि नोंदवही

पाऊस मोजण्याचा भारतातला जुना उल्लेख कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. कोठारापाशी हातभर रुंदीचे भांडे ठेवून त्यात पडलेला पाऊस मोजावा, असे त्यात सांगितले आहे. कोरड्या जांगल प्रदेशाचा पाऊस सोळा द्रोण आणि अवंतीचा तेवीस द्रोण दिला असून अपरान्ताचा, म्हणजे कोकणपट्टीचा, पाऊस अमाप म्हटला आहे. पावसाच्या मानाने कोणते बी कधी पेरावे हे ठरवण्याशी या मोजणीचा संबंध होता. कोरियात राजा सेजोंगच्या काळात, १४४१ च्या सुमारास, एकाच मापाची पर्जन्यमापके तयार होऊन ती जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवली गेली. निरनिराळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे तर भांडे एकाच मापाचे हवे, ही जाणीव त्यामागे होती.

युरोपात १६४३ मध्ये तोरिचेल्लीने पाऱ्याची नळी उभी करून हवेचा दाब दाखवला. पुढच्या शतकात फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांनी तापमापकाला ठरलेल्या खुणा दिल्या. उपकरणे हाती आल्यावर प्रश्न उरला तो नोंदीच्या शिस्तीचा. इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने १६६७ मध्ये छापलेल्या आराखड्यात रोजच्या नोंदीचा तक्ता आखून दिला. तारीख, वारा, उष्णता, ओलावा, दाब, आकाशाचे रूप असे रकाने त्यात होते. जर्मनीतील मानहाइम येथील हवामान संस्थेने १७८० पासून अनेक देशांतल्या निरीक्षकांना तपासलेली उपकरणे पाठवली आणि सकाळी ७, दुपारी २ व रात्री ९ या वेळा ठरवून दिल्या. ठरलेले उपकरण, ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ ही त्रिसूत्री तेव्हापासून हवामानशास्त्रात पक्की झाली. संगणकाच्या काळातही ती सुटलेली नाही.

महाराष्ट्रात या शिस्तीची सुरुवात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून हवामान आणि भूचुंबकत्वाची पद्धतशीर निरीक्षणे सुरू झाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे हे काम होते. मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनीही वेधशाळेची जबाबदारी काही काळ सांभाळली. पुढे टिळकांचे गुरू म्हणून प्रसिद्धी पावलेले गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी येथेच साहाय्यक म्हणून काम केले. मराठी माणसाची आधुनिक वेधमापनाशी पहिली घसट झाली ती या रात्रंदिवसाच्या वाचनांतून.

डोळ्यांनी वाचून हाताने लिहिण्याच्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही कुलाब्याच्या एका नोंदीत दिसतात. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी पृथ्वीवर मोठे चुंबकीय वादळ आले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी नेहमीची तासातासाची वाचने सोडून पंधरा-पंधरा आणि काही वेळा पाच-पाच मिनिटांनी आकडे टिपले. त्या वादळाची तीव्रता ठरवण्यासाठी आजचे शास्त्रज्ञही त्याच आकड्यांचा आधार घेतात. पण पाच मिनिटांनी एक वाचन घ्यायचे तर माणसाला उपकरणापासून हलता येत नाही. असा पहारा काही तास चालतो, वर्षानुवर्षे चालत नाही.

१८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांमुळे देशभरची निरीक्षणे एका छताखाली आणणे सरकारला निकडीचे वाटले आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. शिवाजीनगरच्या ज्या दगडी इमारतीत ते होते, तिला आणि तिच्यासमोरच्या चौकाला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९४८ मध्ये येथील उपकरण विभागात अण्णा मणी रुजू झाल्या. परदेशातून येणारी उपकरणे देशात बनावीत म्हणून त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले. भारतीय बनावटीच्या उपकरणांमागे त्या परिश्रमाचा मोठा वाटा आहे.

तालुक्याच्या ठिकाणी पर्जन्यमापक मामलेदार कचेरीच्या आवारात असे. सकाळी साडेआठला शिपाई किंवा कारकून बाटलीतले पाणी मापनपात्रात ओतून आकडा वहीत लिही, आणि तो तारेने वर जाई. पूर्ण वेधशाळांची निरीक्षणे पाच-पाच अंकांच्या गटांत बांधून पाठवली जात. कुठल्या जागचा अंक ढगांचा, कुठला वाऱ्याचा आणि कुठला दाबाचा हे ठरलेले असल्यामुळे शब्दांची गरज उरत नसे. हवामान केंद्र आज संगणकाला जो आकड्यांचा पुडका पाठवते, त्याची रचना या तारेसारखीच असते.

हौशी निरीक्षक

सरकारी वेधशाळांच्या बरोबरीने घरगुती निरीक्षकांची परंपराही वाढत होती. लंडनच्या जॉर्ज जेम्स सिमन्स यांनी १८६० मध्ये १६८ ठिकाणचे पावसाचे आकडे गोळा करून प्रसिद्ध केले. ते आकडे पाद्री, शिक्षक, डॉक्टर, जमीनदार अशा हौशी लोकांनी आपापल्या बागेत मोजलेले होते. १९०० मध्ये सिमन्स वारले तेव्हा ही संख्या साडेतीन हजारांच्या घरात गेली होती. भारतात दीर्घकाळ वापरात असलेले पर्जन्यमापक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या जोसेफ हेन्री यांनी १८४९ पासून स्वयंसेवक निरीक्षकांचे जाळे विणले. त्यातूनच पुढे तेथील सहकारी निरीक्षकांची सरकारी व्यवस्था उभी राहिली.

या हौशी लोकांनी एक गोष्ट सिद्ध केली. पाऊस गावागणिक बदलतो. त्याचे खरे चित्र थोड्या मोठ्या वेधशाळांतून उमटत नाही, त्यासाठी पुष्कळ लहान ठिकाणे लागतात. त्यांची अडचणही एकच होती. निरीक्षक आजारी पडला, प्रवासाला गेला किंवा वारला की वहीत रिकामी जागा राहत असे, आणि मागे गेलेला दिवस पुन्हा मोजता येत नाही.

आपोआप उमटणारी नोंद

ही रिकामी जागा भरून काढण्याचा पहिला प्रयत्न हुकच्याच काळातला आहे. ख्रिस्तोफर रेन यांनी १६६० च्या दशकात घड्याळाला जोडलेल्या हवामानयंत्राची कल्पना मांडली. भरले की आपोआप कलंडून रिकामे होणारे पावसाचे भांडेही त्यांच्याच नावावर आहे. हुकने १६७९ पर्यंत हे यंत्र पुरे केले. लंबकाच्या घड्याळाने कागद पुढे सरके आणि दर पाव तासाला दाब, तापमान, ओलावा, पाऊस आणि वारा यांच्या खुणा कागदावर भोकांच्या रूपाने उमटत. यंत्र नाजूक होते आणि फार काळ टिकले नाही. तरी ठरावीक अंतराने, माणसाच्या मदतीवाचून, सर्व राशी एकाच पट्टीवर नोंदवायच्या हा आजच्या डेटा लॉगरचा आराखडा त्यात पूर्णपणे होता.

एकोणिसाव्या शतकात याला टिकाऊ रूप आले. ल्यूसियँ व्हिदीने १८४४ मध्ये पाऱ्याऐवजी पोकळ धातूची डबी वापरून दाबमापक बनवले. १८४६ मध्ये आयर्लंडच्या रॉबिन्सन यांनी वाऱ्याचा वेग मोजण्यासाठी अर्धगोल वाट्यांचे चक्र तयार केले. तेच थोड्या फरकाने आज गच्चीगच्चीवर फिरताना दिसते. १८८० नंतर पॅरिसच्या रिशार कारखान्याने किल्लीच्या घड्याळावर फिरणारे नळकांडे, त्यावर गुंडाळलेला आखीव कागद आणि शाईची लेखणी यांची जोडणी करून दाब व तापमानाचे आलेखक बाजारात आणले. आठवड्यातून एकदा कागद बदलला आणि किल्ली दिली की काम भागे. भारतीय वेधशाळांतले स्वयंलेखी पर्जन्यमापकही याच धर्तीचे असते. पाऊस पडू लागला की तरंगता गोळा लेखणीला वर नेतो. दहा मिलिमीटर झाले की नळीवाटे पाणी एकदम निघून जाते आणि लेखणी पुन्हा शून्यावर येते. कागदावरच्या उभ्या चढांवरून कुठल्या तासाला किती पाऊस कोसळला ते कळते.

नोंद आपोआप उमटू लागली तरी ती वाचायला माणूसच लागे. आलेखावरून आकडे काढून कोष्टक भरणे हे कष्टाचे काम होते. शिवाय उपकरण असे तिथेच कागद असे. उपकरण एका जागी आणि नोंद दूर दुसरीकडे, हे विजेमुळे आणि बिनतारी संदेशामुळे साधले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुडीने २२ ऑक्टोबर १९४३ रोजी कॅनडातील लाब्राडोरच्या किनाऱ्यावर ‘कुर्ट’ नावाचे स्वयंचलित केंद्र गुपचूप उभारले. ते दर तीन तासांनी तापमान, दाब आणि वारा यांचे आकडे रेडिओवरून पाठवण्यासाठी बांधलेले होते. त्याचे अवशेष आता ओटावाच्या युद्ध संग्रहालयात आहेत. भारतात १९८० च्या दशकात इन्सॅट उपग्रहामार्फत दुर्गम ठिकाणचे आकडे गोळा करण्यास प्रारंभ झाला.

घरात आलेला संगणक

संगणकाला फक्त आकडे कळतात. वारा, पाऊस आणि उष्णता यांना आकड्यांचे रूप देण्याच्या युक्त्या साध्या आहेत आणि घरगुती केंद्रांत त्याच आजवर चालत आल्या आहेत. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याखाली तराजूसारखी डोलणारी दोन वाट्यांची जोडी असते. एक वाटी भरली की कलते, रिकामी होते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. बहुतेक केंद्रांत अशा एका कलण्याला ०.२ मिलिमीटर पाऊस धरतात. वाटीला बसवलेले चुंबक काचेच्या नळीतल्या बारीक स्विचसमोरून जाते तेव्हा स्विच क्षणभर मिटतो आणि संगणकाला एक टिचकी मिळते. टिचक्या मोजल्या की पाऊस मोजला गेला. वाऱ्याच्या वाट्यांच्या प्रत्येक फेऱ्यालाही अशीच टिचकी पडते. तापमानासाठी उष्णतेबरोबर विद्युतरोध बदलणारा थर्मिस्टर पुरतो.

१९७७ मध्ये आलेल्या ॲपल टू या घरगुती संगणकाला खेळाच्या मुठी जोडण्यासाठी विद्युतरोध मोजणारी जागा होती. मुठीच्या जागी थर्मिस्टर लावला की संगणक तापमापक बने. १९८१ मध्ये ब्रिटनमधील शाळांसाठी निघालेल्या बीबीसी मायक्रोला तर विद्युतदाब वाचणाऱ्या चार वाटा होत्या. शिक्षक आणि विद्यार्थी त्यांचा उपयोग प्रयोगांसाठी करत. त्याच सुमारास अमेरिकेत हीथकिट कंपनी घरी डाख देऊन जोडायचे अंकदर्शी हवामानयंत्र सुट्या भागांत विकत असे.

तयार केंद्रे संगणकाला जोडण्याचा राजमार्ग ठरला तो आरएस-२३२ सिरिअल पोर्ट. हे मानक मुळात १९६० मध्ये दूरमुद्रक आणि मोडेम यांच्यासाठी ठरले होते. त्यात एका तारेवरून अंक एकामागून एक जातात. तार साधारण पंधरा मीटरपर्यंत नेता येते. कॅलिफोर्नियातील डेव्हिस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९९० च्या दशकात आपल्या केंद्रांसाठी ‘वेदरलिंक’ नावाचे सॉफ्टवेअर आणि सोबत छोटा डेटा लॉगर विकायला सुरुवात केली. घरगुती केंद्रांच्या इतिहासात हा लॉगर फार महत्त्वाचा आहे. त्याआधी रात्रभर संगणक चालू ठेवल्याखेरीज रात्रीची नोंद मिळत नसे. लॉगर कन्सोलच्या, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या घरातल्या पेटीच्या, आत बसतो आणि आकडे स्वतःजवळ साठवतो. संगणक सवडीने ते उतरवून घेतो. डेव्हिसच्या व्हँटेज मालिकेतील लॉगरमध्ये २,५६० नोंदी मावतात. दर अर्ध्या तासाला एक नोंद धरली तर हा साठा त्रेपन्न दिवस पुरतो. पाच मिनिटांचे अंतर ठेवले तर जेमतेम नऊ दिवस. वीज वारंवार जाते अशा ठिकाणी ही सोय फार मोलाची ठरली.

संगणक आणि कन्सोल यांच्यातला संवाद ठरलेल्या रीतीने होतो. बॅटरी वाचवण्यासाठी कन्सोल झोपलेला असतो. संगणक आधी नवीन ओळीची खूण पाठवून त्याला उठवतो. १.२ सेकंदाच्या आत उत्तर आले नाही तर पुन्हा हाक देतो. जागे झाल्यावर मागणी केली की ९९ बाइटांचा पुडका येतो. त्यात दाब इंचाच्या हजाराव्या भागात, तापमान फॅरनहाइटच्या दशांशात आणि पाऊस टिचक्यांच्या संख्येत असतो. सेन्सरकडून आकडा आलाच नाही तर बाहेरच्या तापमानाच्या जागी ३२,७६७ ही ठरलेली संख्या येते. ती खूण न ओळखणारे सॉफ्टवेअर अशक्य तापमान नोंदवून बसते. पुडक्याच्या शेवटी पडताळ्याची संख्या असते आणि ती जुळली नाही तर संगणक पुडका टाकून देतो. कंपनीने ही सारी रीत उघडपणे छापून दिल्यामुळे बाहेरच्या हौशी लोकांनाही आपापली सॉफ्टवेअर लिहिता आली.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस डॅलस सेमिकंडक्टर कंपनीने ‘वन-वायर’ केंद्र आणले. त्यात सर्व सेन्सर एकाच तारजोडीवर बसत आणि प्रत्येक चिपला जगात कुठेही पुन्हा न येणारा क्रमांक असे. वातकुक्कुटाच्या खाली आठ दिशांना आठ स्विच आणि आठ क्रमांक-चिपा होत्या. चुंबक ज्या स्विचसमोर येई, त्याचाच क्रमांक तारेवर दिसे. दोन लगतचे क्रमांक एकदम दिसले की वारा त्या दोन दिशांच्या मधून वाहतो हे कळे. आठ स्विचांतून सोळा दिशा मिळवणारी ही रचना साधेपणामुळे प्रयोगशील लोकांची आवडती झाली.

बिनतारी केंद्रे आणि यूएसबी

लांब तारेचे दोन तोटे होते. भिंतीला भोक पाडावे लागे, आणि वळवाच्या वादळात जवळपास वीज पडली तर तारेतून आलेला झटका कन्सोल आणि संगणक दोन्ही जाळी. बिनतारी सेन्सरांनी हा धोका कमी केला. यासाठी लागणारी लहरींची पट्टी देशोदेशी वेगळी आहे. युरोपात ४३३ आणि ८६८ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ९१५, तर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ ही परवान्याविना वापरता येणारी पट्टी आहे. परदेशातून केंद्र आणताना ही बाब तपासावीच लागते.

१९९६ मध्ये यूएसबी मानक आले आणि काही वर्षांत नव्या संगणकांवरून सिरिअल पोर्ट नाहीसा झाला. जुन्या केंद्रांना जोडतुकडा घ्यावा लागला. चीनमधील फाइन ऑफसेट कंपनीची यूएसबीची स्वस्त केंद्रे अनेक देशांत वेगवेगळ्या नावांनी विकली गेली आणि हवामान केंद्र मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आले. यांच्या कन्सोलची स्मृती ६४ किलोबाइट असते. सुरुवातीचे २५६ बाइट मांडणीसाठी आणि उरलेल्या जागेत सोळा-सोळा बाइटांच्या ४,०८० नोंदी. अर्ध्या तासाच्या अंतराने हा साठा पंच्याऐंशी दिवस पुरतो. या केंद्रांचा एक दोष वापरणाऱ्यांना लवकर कळला. कन्सोल स्मृतीत लिहीत असताना नेमके त्याच क्षणी संगणकाने वाचायला घेतले की यूएसबीची वाट गोठते आणि बॅटरी काढून घातल्याशिवाय सुटत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी कन्सोलच्या लिहिण्याच्या वेळा ओळखून त्या टाळण्याची युक्ती शोधली.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हौशी लोक कंपन्यांच्या पुढे गेले. ‘वेदर डिस्प्ले’ आणि ‘क्युम्युलस’ ही विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर त्यांच्यातूनच घडली. पायथन भाषेत लिहिलेले ‘वीवेक्स’ हे मुक्त सॉफ्टवेअर तर अनेक कंपन्यांच्या केंद्रांशी बोलते. फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आला आणि केवळ हवामानाच्या नोंदीसाठी अहोरात्र चालणारा, अगदी थोडी वीज खाणारा संगणक घरात ठेवणे सर्वांना परवडू लागले. तापमान, आर्द्रता आणि दाब तिन्ही मोजणारा बॉशचा बीएमई-२८० सेन्सर जेमतेम अडीच मिलिमीटर लांबरुंद आहे. तो आणि वायफाय असलेली छोटी चिप यांच्या जोरावर महाविद्यालयीन विद्यार्थीही आता स्वतःचे केंद्र बांधू शकतात.

घरातून जगाकडे

संगणक इंटरनेटला जोडलेला असल्यामुळे घरातला आकडा घरापुरता राहिला नाही. हॅम रेडिओचालक आपल्या स्थानाबरोबर हवामानाचे आकडेही रेडिओवरून प्रसारित करत. त्या सवयीतून अमेरिकेत नागरिक निरीक्षकांचा कार्यक्रम उभा राहिला आणि तपासणीनंतर त्यांचे आकडे तेथील सरकारी संस्थेकडे जाऊ लागले. मिशिगन विद्यापीठातल्या प्रकल्पातून १९९५ मध्ये निघालेल्या वेदर अंडरग्राउंडने खाजगी केंद्रांचे जगभरचे जाळे विणले. ब्रिटनच्या हवामान कार्यालयाने २०११ मध्ये असेच व्यासपीठ सुरू केले.

याच काळात दुसरी एक वाटही दिसली. २८ जुलै १९९७ रोजी अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स शहरात अतिवृष्टीने पूर येऊन पाच जण दगावले. शहराच्या एका भागात पावसाने थैमान घातले होते आणि काही मैलांवर तो अगदी थोडा होता. त्यानंतर १९९८ मध्ये तेथे नागरिकांचे पर्जन्यमापन सुरू झाले. ते पुढे देशभर पसरले, आणि आजही त्यात साधे, हाताने वाचायचे पर्जन्यमापकच वापरतात. पावसाच्या रोजच्या एकूण मापासाठी साधे भांडे अजूनही अधिक विश्वासाचे मानले जाते, हे यावरून कळते.

महाराष्ट्रातला अनुभव

फोर्ट कॉलिन्सने जे शिकवले ते मुंबईने २६ जुलै २००५ रोजी फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात सुमारे ७४ मिलिमीटर. कुलाब्याच्या आकड्यावरून शहराची स्थिती ठरवली असती तर उपनगरांतल्या प्रलयाची कल्पनाही आली नसती. या घटनेनंतर महापालिकेने शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली. आता पावसाळ्यात विभागवार पाऊस त्याच दिवशी कळतो.

ग्रामीण भागात हीच गरज पीक विम्याने पुढे आणली. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर. तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले किंवा पाऊस अवेळी झाला, याचा पुरावा म्हणजे ती नोंद. २०१७ मध्ये सुरू झालेल्या महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. मामलेदार कचेरीतल्या वहीतला एक आकडा पूर्वी साऱ्या तालुक्यासाठी धरला जाई, त्या मानाने ही झेप मोठी आहे.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांनी तर केंद्र थेट बागेत नेले. केवडा आणि भुरी या रोगांचा प्रादुर्भाव तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओले राहते यांवर अवलंबून असतो. त्यासाठी पानाच्या आकाराच्या पट्टीवर तांब्याच्या दोन वळणदार रेषा काढलेला सेन्सर वेलीत टांगतात. दव किंवा पाऊस पडला की दोन रेषांमधला विद्युतरोध उतरतो आणि ओलाव्याचे तास मोजले जातात. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानाच्या आधारे बागायतदारांना सल्ला देते. हवामान पाहून फवारणी केली तर औषधाचा अनावश्यक खर्च टळतो आणि निर्यातीच्या मालावरचा अंशही कमी राहतो.

जागेची शिस्त

संगणकाच्या जोडणीने नोंदीत खंड राहिला नाही, पण आकडा खरा की खोटा हे संगणकाला सांगता येत नाही. ते ठरते उपकरणाच्या जागेवरून. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६० च्या दशकात झडपांची पांढरी पेटी तयार केली. तापमापक सावलीत, वाऱ्यात आणि जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असावा हा तिचा हेतू. घरगुती केंद्रातली एकावर एक रचलेली पांढरी बशीवजा कडी ही तिचीच धाकटी आवृत्ती. तापलेल्या सिमेंटच्या स्लॅबलगत किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतात सेन्सर ठेवला तर तो गच्चीचे तापमान सांगतो, गावाचे नाही. वारा उघड्यावर दहा मीटर उंचीवर मोजण्याचा संकेत आहे. पर्जन्यमापक झाड किंवा भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुपटीहून जवळ नसावे.

दाबाच्या बाबतीत समुद्रसपाटीपासूनची उंची आधी कन्सोलला सांगावी लागते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथला प्रत्यक्ष दाब समुद्रकाठच्यापेक्षा साठएक हेक्टोपास्कलने कमी असतो. ही दुरुस्ती केली नाही तर आलेखात कायमचे वादळ दिसत राहते. कलत्या वाट्यांचीही मर्यादा आहे. महाबळेश्वर-आंबोलीसारख्या ठिकाणच्या धुवाधार सरीत वाटी कलत असताना पडणारे पाणी मोजणीतून सुटते आणि पाऊस कमी नोंदला जातो. नरसाळ्यात पाला, धूळ किंवा कोळ्याचे जाळे साचले तर भर पावसात शून्य दिसते, आणि संगणक ते शून्य निमूटपणे साठवून घेतो. म्हणून पावसाळ्याआधी नरसाळे स्वच्छ करणे, वाट्या मोकळ्या डोलतात का ते पाहणे आणि मोजून ओतलेल्या पाण्याशी टिचक्यांचा हिशेब जुळवणे आवश्यक असते. जवळ एक साधे पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला दोन्ही आकडे ताडून पाहणे हा सर्वांत खात्रीचा उपाय.

हुकच्या भोके पाडलेल्या कागदापासून लॉगरच्या २,५६० नोंदींपर्यंत यंत्राने माणसाच्या हातातले लिहिणे काढून घेतले. जागा निवडणे, उपकरण तपासणे आणि आलेल्या आकड्यावर शंका घेणे ही कामे मात्र केंद्र सांभाळणाऱ्या माणसाकडेच राहिली आहेत. जिथे ती नेमाने होतात, तिथली घरगुती नोंद मोठ्या वेधशाळेच्या नोंदीशेजारी ठेवण्याच्या योग्यतेची ठरते.